गरम कोबा

मराठीत ‘गॅरेज’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान. ऑइलने काळीकुट्ट झालेली जमीन, खुंटीला टांगलेल्या ट्यूबा आणि "उद्या या, पार्ट आला नाही" म्हणणारा मेस्त्री. त्यामुळे "घरामागे गॅरेज बांधतोय" असं मी कळवल्यावर सांगलीच्या आत्याने फार जपून विचारलं, "का रे, नोकरीचं सगळं ठीक आहे ना?"

नोकरी शाबूत आहे. गॅरेज म्हणजे इथल्या अर्थाने, गाडी ठेवायची खोली. हे वाचणाऱ्यांत निम्मे नातेवाईक आहेत आणि प्रत्येक फोनवर तीच टेप वाजवून माझा घसा बसलाय. म्हणून म्हटलं, एकदाच सगळं लिहून टाकावं. बाकी ब्लॉगर मंडळींनी आजच्या दिवस सिमेंट-खडीची चर्चा गोड मानून घ्यावी.

तर काम असं: मिनेसोटातल्या आमच्या घरामागे, घराला न चिकटलेलं, २४ बाय २८ फुटांचं गॅरेज. पुढे एक गाडी, मागे माझं लाकूडकाम. यात नवलाचं काहीच नाही, इथे गल्लीत दर दुसऱ्या घरी असं काहीतरी असतं. नवलाची गोष्ट म्हणजे त्याचा कोबा. कोब्याच्या पोटात प्लास्टिकच्या नळ्या आहेत आणि हिवाळाभर त्यांतून कोमट पाणी फिरत असतं.

"म्हणजे जमिनीखाली चूल?" आई म्हणाली. आईला नेहमी एका वाक्यात कळतं.

आता एवढा खटाटोप कशाला? इथे जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे १३ सेल्सियसच्या आसपास असतं. ही झाली सरासरी. ३० जानेवारी २०१९ ला मिनिअ‍ॅपोलिसचा पारा उणे ३३ वर गेला होता. लाकूडकामाला थंडी नुसती बोचत नाही, काम बिघडवते. आपला फेविकॉलसारखा गोंद दहा अंशांच्या खाली नीट धरत नाही, वाळल्यावर खडूसारखा भुरभुरीत पांढरा होतो आणि जोड हाताने उघडतो. लोखंडाची हत्यारं बर्फासारखी गार पडलेली असतात. बाहेर जरा ऊब आली, दमट हवा आत शिरली की त्यांच्यावर दव धरतं आणि दुसऱ्या दिवशी तांबूस गंज. म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल दुकान बंद! आणि नेमके तेच सहा महिने घरात बसून काढायचे असतात.

लोक यावर गॅसचा मोठा ब्लोअर लावतात. तो मी शेजाऱ्याकडे पाहिलाय. विमान उडतंय असा आवाज, डोकं तापतं, पाय तसेच गार. शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती त्याच खोलीत राहते आणि जाऊन बसते गार लोखंडावर. भुश्याची धूळ उडत असताना उघडी ज्योत नको, हे तर वेगळं सांगायलाच नको. जमीनच कोमट असली तर ना वारा, ना ज्योत, ना आवाज. ऊब पायापासून वर चढते. आतली हवा पंधरा-सोळा अंश असली तरी पुरते.

मला आणखी एक कारण होतं, ते इथल्या लोकांना समजावताना जरा पंचाईत होते. इथला सुतार उभ्याने काम करतो. कमरेएवढं टेबल, त्याला वाईस, सगळं उभ्याच्या उंचीवर. मी जे सुतारकाम बघत मोठा झालो ते जमिनीवर मांडी ठोकून चालायचं. फळी पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायची, रंधा अंगाकडून पुढे सारायचा, पटाशी मांडीला लागून ठेवलेली. दोन हात आणि दोन पाय अशी चार हत्यारं. मला अजूनही बारीक काम बसूनच सुचतं. पण या गावात हिवाळ्यात सिमेंटवर बसून दाखवा! पाच मिनिटांत कंबर धरते. पन्नाशीनंतर तर ती सोडतही नाही.

जमीन गरम करायची कल्पना माझी नव्हे, हेही सांगायला हवं. कोरियात शेकडो वर्षं चुलीचा धूर जमिनीखालून खेळवायचे, त्याला ‘ओंडोल’ म्हणतात. तिथलं घर जमिनीवर बसतं, जमिनीवर जेवतं, जमिनीवर झोपतं, अगदी आपल्यासारखं. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुरचनाकाराला टोकियोत एका कोरियन पद्धतीच्या खोलीत बसल्यावर ही ऊब कळली आणि आमच्या शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनला, १९३६-३७ मध्ये बांधलेल्या जेकब्ज हाउसमध्ये त्याने ती वापरली. पुढे १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाची वसाहत उभी राहिली. तिथल्या हजारो घरांच्या कोब्यात तांब्याच्या नळ्या घातल्या होत्या. पुढे अनेक घरांत त्या गळायला लागल्या. सिमेंटमध्ये पुरलेली नळी दुरुस्त कशी करणार? जमीन फोडा, नाहीतर नाद सोडा. बऱ्याच जणांनी नाद सोडला.

आताच्या नळ्या वेगळ्या. त्यांना पेक्स म्हणतात. पॉलिथिनच्याच, पण आतले रेणू एकमेकांत गुंफलेले, त्यामुळे गरम पाण्याला दाद देत नाहीत आणि गंजण्याचा प्रश्नच नाही. प्राणवायू आत झिरपून पंप आणि बॉयलरचं लोखंड खाऊ नये म्हणून वर एक अस्तर असतं. आणि मुख्य नियम: सिमेंटच्या आत जोड नाही. एक वेटोळं जिथून आत शिरेल तिथेच अखंड बाहेर येईल. अर्ध्या इंची नळीचं एक वेटोळं ३०० फुटांच्या आत ठेवायचं, नाहीतर पाणी शेवटपर्यंत पोचता पोचता गार होतं. आमच्या ६७२ चौरस फुटांना एकेका फुटावर नळी टाकायची म्हणजे तीन वेटोळी, मिळून सव्वासातशे फूट.

२०२२ च्या ऑगस्टात खणायला सुरुवात झाली. खणण्याआधी इथे ८११ नंबरवर फोन करावा लागतो. मग माणसं येऊन जमिनीखाली काय कुठे आहे याच्या रंगीत झेंड्या लावून जातात. लाल वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन-केबल, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. फुकट. चार दिवस आमचं अंगण गणपतीच्या मांडवासारखं दिसत होतं.

आमच्या भागात जमीन खोलवर गोठते आणि गोठली की फुगते. म्हणून घराचा पाया बेचाळीस इंच खाली न्यावा लागतो. स्वतंत्र गॅरेजला मात्र आमच्या गावात जाड काठाचा ‘तरंगता’ स्लॅब चालतो. खाली दाबून बसवलेली खडी, तिच्यावर ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद, त्यावर दोन इंच जाडीचे टणक फोमचे तक्ते. आमच्या एका मित्राने विचारलं, "गाडीच्या वजनाने फोम बसणार नाही का?" नाही बसत. तो दर चौरस इंचाला २५ पौंड पेलतो, म्हणजे चौरस फुटाला ३६०० पौंड, आणि वरचा कोबा गाडीचं वजन पसरवून देतो. काठालाही फोम उभा लावायचा. सगळ्यात जास्त ऊब पळते ती काठाने. फोमवर लोखंडी जाळी, आणि जाळीला बांधलेल्या नळ्या.

नळ्या मी आणि मुलाने अंथरल्या. त्याने रीळ धरून चालायचं, मी मागून गुडघ्यांवर रांगत प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जाळीला बांधत जायचं. पठ्ठ्याच्या कानात दोन्ही बोंडं. पण दोन दिवस हूं की चूं न करता चालला. असो.

या कामाची मेख इथेच आहे. भिंत नंतर हलवता येते, दिवा नंतर बदलता येतो. गरम कोब्याचं तसं नाही. लेथ कुठे बसणार, टेबल सॉ कुठे, जमिनीला बोल्ट कुठे लागणार, हे सगळं काँक्रीट येण्याआधी ठरवायचं, कारण जिथे भोक पाडायचं तिथे खाली नळी नको. आणखी वीस वर्षांनी तुम्ही या खोलीत कुठे उभे असाल, असं तो नकाशा विचारतो.

बायको खडूने मारलेल्या खुणा बघत उभी होती. म्हणाली, "वीस वर्षांचा हिशेब करतोयस. म्हणजे आपण परत जात नाही, असं धरायचं ना?"

इथे जरा थांबतो. बाहेर राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. आम्ही १९९८ मध्ये आलो ते ‘पाच वर्षांसाठी’. पुढे ग्रीन कार्ड होईपर्यंत, मग मुलाची शाळा होईपर्यंत, मग आणखी पाच. खोटं कोणी बोलत नव्हतं. पण घरात येणारी प्रत्येक वस्तू त्या हिशेबाने यायची. सोफा विकता येईल असा, झाडं कुंडीतली. एका ओळखीच्या घर-विक्री करणाऱ्या बाईंनी सांगितलंच होतं, गॅरेजच्या गरम कोब्यात घातलेले पैसे घर विकताना पुरते परत मिळत नाहीत. म्हणजे हा खर्च राहणाऱ्याचा, जाणाऱ्याचा नव्हे. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना, तसं ते बावीस टन काँक्रीट होतं.

मी बायकोला लगेच उत्तर दिलं नाही, कारण ते आधी तिला द्यायचं नव्हतं.

बाबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. लाकूडकाम घरी, हौसेचं. सांगलीच्या घरी त्यांची हत्यारांची पेटी आहे: तीन रंधे, पटाश्यांचा संच, करवती, गुण्या, ओळंबा आणि एक चार इंची वाईस. बोटं ऐकेनाशी झाल्यापासून, दहाएक वर्षं, ती बंद असते. पण दर खंडेनवमीला ते प्रत्येक हत्यार बाहेर काढून पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे आणि पूजेनंतर परत ठेवायचे. मी गेलो की म्हणायचे, "पेटी घेऊन जा." मी म्हणायचो, "राहू दे की बाबा. येणारच आहोत." बास, एवढंच. दोघांनाही त्यात एक सोय होती. पेटी तिथे आहे तोवर मी येणार आहे.

त्या संध्याकाळी मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सगळ्या जाळीवरून फिरवला. बाबा ८३ वर्षांचे. बराच वेळ नुसते बघत होते. मग विचारलं, "उतार किती?"

"दर फुटाला एक सूत. दाराकडे."

गाडीवरून वितळलेला बर्फ बाहेर वाहून जायला हवा, म्हणून इथल्या नियमात तो उतार लागतोच. पण ‘वन एट्‌थ इंच’ म्हणत महिना काढल्यावर ‘सूत’ हा शब्द तोंडातून आला आणि तो समोरच्या माणसाला कळला, याचंच मला फार बरं वाटलं.

"सगळीकडे?"

"नाही. पुढचे अठरा फूट. मागचे दहा सपाट."

"मग वाईस मागे लाव. डाव्या कोपऱ्यात, खिडकी येईल तिथे. उजेड डावीकडून पाहिजे."

"कुठली वाईस, बाबा?"

"कुठली म्हणजे? पेटीतली. या खेपेला घेऊन जा." मग जरा थांबून म्हणाले, "हत्यार पडून राहिलं की गंजतं रे. मी किती दिवस तेल लावत बसू?"

मी हो म्हटलं. दोघंही पुढे त्याविषयी काही बोललो नाही. आईने फोन घेतला आणि भाजी काय केलीस ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या कोपऱ्यातल्या नळ्यांच्या दोन रांगा सोडून मी सरकवल्या आणि दोन बाय तीन फुटांची जागा मोकळी ठेवली. बाकाचे पाय तिथे बोल्टने बसणार. मीटर पट्टी शेजारी ठेवून प्रत्येक फुटाचे फोटो काढले, म्हणजे पुढे ड्रिल लावताना अंदाजाने काम नको. बायकोला म्हटलं, "धर." ती "बरं" म्हणाली. बहुतेक ती माझ्या बरीच आधी या ‘बरं’पाशी पोचली होती.

काँक्रीटच्या दिवशी सकाळी साडेसहाला दोन ट्रक आले, बारा घनयार्ड माल. गोठण-वितळण सोसावी म्हणून त्यात मुद्दाम हवेचे बारीक बुडबुडे धरलेले असतात. पाच जणांची टोळी. आदल्या दिवशी नळ्यांत हवा भरून ६० पौंडांच्या दाबावर ठेवली होती. काम चालू असताना त्या गेजचा काटा बघत राहायचं. ऊन वाढलं की तो थोडा वर सरकला तर चालतं. पण झपकन खाली आला म्हणजे कुणाच्या फावड्याने नळी कापली, आणि काँक्रीट ओलं आहे तोवरच ती शोधायची. चार तास मी त्या काट्याकडे जितकं बघितलं तितकं लग्नात भटजींकडेही बघितलं नव्हतं. हलला नाही बिचारा.

आपल्याकडे स्लॅब पडतो त्या दिवशी कामगारांना गोडधोड असतं. बायकोने बटाटेवडे आणि शिरा केला होता, मी ट्रक यायच्या आधी कोपऱ्यात नारळ फोडला. मुकादम मेक्सिकोचा. त्याने नारळाचं काही विचारलं नाही, हात पुसून खोबरं मागून घेतलं. वडे संपले, शिरा दोनदा झाला. दुपारी माणसं गुडघ्याखाली फळ्या घेऊन थापीने शेवटचा हात फिरवत होती. मशीन आहे, तरी काठ आणि कोपरे हातानेच होतात. ते बघताना गवंडी जगात सगळीकडे एकाच पद्धतीने बसतो, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तडे सरळ रेषेत जावेत म्हणून करवतीने इंचभर खोल खाचा मारल्या. नळ्या तळाशी आहेत, करवत तिथवर पोचत नाही, तरी खाचेखालून जाणाऱ्या प्रत्येक नळीवर आधीच जाड पाइपाची बाही चढवली होती. मग आठवडाभर पाणी मारणं. लहानपणी स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. इथे ओला करून वर प्लास्टिक पांघरतात. पुढे भिंती, छप्पर, दरवाजा सगळं चढत गेलं. ते उभारणाऱ्यांनी आठ-दहा दिवसांत केलं, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. फक्त भिंतीत आणि छतात ऊब धरणारं भरपूर कोंबलं. ते नसेल तर खालची चूल अंगणच तापवत राहील.

काँक्रीटला किमान २८ दिवस द्यायचे, मगच ऊब सुरू, तीही हळूहळू. विजेवरचा छोटा बॉयलर आणि पंप परवाना असलेल्या माणसाने जोडला. वीज गेली तरी नळ्यांत बर्फ होऊ नये म्हणून पाण्यात ग्लायकॉल मिसळलेलं आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो सुरू केला आणि जमिनीला हात लावून बसलो. काही नाही. तासाभराने, काही नाही. रात्री झोपायला गेलो. सकाळी मोजे घालून आत पाऊल टाकलं, आणि... कसं सांगू? उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला गच्चीवर अनवाणी गेल्यावर लागतं ना पायाला, तेच. चटका नव्हे. दिवसभराचं ऊन उरलेलं असावं तसं.

ही जमीन तापायलाही दिवस घेते आणि निवायलाही. "आज सुट्टी आहे, चला तापवू" असं चालत नाही. हिवाळा लागला की एकदा लावायची आणि मार्चअखेरपर्यंत तिच्या गतीने राहू द्यायची. अधीर माणसाने हिच्या वाटेला जाऊ नये. पण रात्री वीज स्वस्त असेल तेव्हा ऊब भरून ठेवली की दिवसभर पुरते, हा त्या आळशीपणाचाच फायदा.

पुढच्या फेब्रुवारीत मी सांगलीला जाऊन पेटी आणली. म्हणजे पेटी तिथेच राहिली, विमानात वजन परवडेना. हत्यारं जुन्या धोतरात गुंडाळून दोन बॅगांत तेवीस-तेवीस किलो. वाईस बाबांनी स्वतः बांधून दिली, जबड्यांत लाकडाचे तुकडे घालून. कस्टमवाल्याने बॅग उघडली, रंधा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, "आजोबांचा?" विचारलं. "वडिलांचा," म्हटलं. त्याने तो परत नीट गुंडाळून ठेवला.

वाईस डाव्या कोपऱ्यात बसली आहे. बोल्टसाठी भोकं पाडताना फोटो समोर ठेवला होता, तरी ड्रिल चालू होतं तोवर श्वास रोखूनच होतो. त्या ऑक्टोबरात खंडेनवमी आली तेव्हा हत्यारं कोब्यावर पाट मांडून ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि व्हिडिओवर बाबांना दाखवली. त्यांनी एकेक मोजून घेतलं. गुण्या दिसेना म्हणून दोनदा विचारलं. तो मुलाच्या हातात होता, त्याने वर धरून दाखवला.

सांगलीला आता दरवर्षी जातो, पूर्वीपेक्षा जास्त दिवस राहतो. ‘परत’ हा शब्द मात्र घरात कमी ऐकू येतो. तो गेल्याचं थोडं वाईट वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही. त्याच्या जागी हे काम आलंय. गेल्या हिवाळ्यात देवघर केलं, मांडी घालून, फळी पायाच्या अंगठ्याखाली धरून. बाहेर उणे वीस होतं.

बाबा रविवारी फोन करतात. आधी हवा, मग मुलाचा अभ्यास, मग ठरलेला प्रश्न: "गंज नाही ना रे धरत?" मी दर वेळी खरंच जाऊन बघतो. नाही धरत.